जुनी पद्मिनी सुरू होत नाही? आधी नीट ऐका

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून हद्दपार झाली, पण हौशी मंडळींच्या दारात ती अजून उभी आहे. अशी सेकंडहँड गाडी वांद्र्यात, त्यातही कार्टर रोड-बँडस्टँडच्या बाजूला ठेवत असाल, तर सुरू न होण्याचं कारण आधी समुद्राच्या खाऱ्या हवेत शोधा.

चावी फिरवल्यावर नुसतं 'टक' वाजतं आणि हेडलाइट मंदावतात? बॉनेट उघडा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड साचलेली दिसेल. आधी निगेटिव्ह वायर काढा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करून व्हॅसलिन लावा. मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी चांगली चार्ज आहे. मग अर्थिंगची वायर आणि स्टार्टर तपासा. स्टार्टर जोरात फिरतोय, तरी इंजिन पकडत नाही? पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आतला ओलावा कोरड्या फडक्याने पुसा.

आता आवाज. १०८९ सीसीच्या या इंजिनात वरून बारीक टकटक येत असेल, तर टॅपेट सेट करून घ्या, घाबरू नका. मात्र खालून, लोड आल्यावर जड 'ठक-ठक' आली, तर तो बहुधा बेअरिंगचा आवाज. इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्या. क्रँकशाफ्ट गेला की पार्ट शोधताना नाकी नऊ येतात.

विकत घ्यायला जाणार असाल तर मालकाला आधीच फोन करून सांगा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. म्हणजे थंड इंजिन कसं सुरू होतं आणि कसा आवाज करतं, ते स्वतः ऐकता येईल.