मोशीच्या बाल्कनीतला दरोडा

मोशीहून एका वाचकाने फोटो पाठवला आहे. बाल्कनीतली कपड्यांची दोरी, दोरीला निळा चिमटा आणि चिमट्यावर एक लांबोडकी, केसाळ माशी. तिने पायांत मधमाशी आवळून धरली आहे. खाली प्रश्न : ‘मोबाइलमधल्या अ‍ॅपने हिचं नाव क्षणात सांगितलं, पण शोधलं तर ती जात अमेरिकेतली निघाली. मग ही कोण? घरात लहान मूल आहे, चावेल का?’

चावण्याचं आधी सांगतो. मुठीत पकडलीत तर चावेल आणि चांगलंच दुखेल. आपणहून माणसाच्या वाटेला ती जात नाही. तेव्हा स्प्रे परत कपाटात ठेवा.

ही रॉबर फ्लाय, म्हणजे दरोडेखोर माशी, एवढं फोटो पाहताक्षणी सांगता येतं. दोन टपोऱ्या डोळ्यांच्या मधोमध माथा खोलगट दबलेला असतो आणि तोंडावर राठ केसांची झुपकेदार मिशी. भोसरी एमआयडीसीतला वेल्डर तोंडासमोर काच धरतो, तसंच या मिशीचं काम असावं : धडपडणाऱ्या सावजाचे पाय-नांग्या तोंडाला लागू नयेत. सोंड खुपसून ती लाळ सोडते. लाळेने सावज आधी लुळं पडतं, मग आतून विरघळतं. पुढचं काम शहाळं पिण्याइतकं सोपं.

पण खरी गंमत पकडण्यात आहे. मोशीहून चाकणकडे जाताना बाजूच्या रस्त्याने एखादा कंटेनर हायवेकडे येताना दिसतो. खिडकीच्या काचेत तो मागे सरकत असेल तर तुम्ही आधी निघून जाल, पुढे सरकत असेल तर तो. पण काचेवर एकाच जागी चिकटून तो नुसता मोठा होत गेला, तर ब्रेक दाबा, टक्कर ठरलेली आहे. दर्यावर्दी हाच ठोकताळा जहाजांची टक्कर टाळायला वापरतात. दरोडेखोर माशी तो टक्कर घडवून आणायला वापरते. सावज नजरेत एकाच कोनात राहील अशी ती उडते. त्याचा वेग किती, अंतर किती, असलं गणित तिला मांडावंच लागत नाही.

केंब्रिज विद्यापीठातल्या पालोमा गोन्झालेझ-बेलिडो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे दाखवून दिलं. त्यांनी अभ्यासलेली होल्कोसेफाला नावाची दरोडेखोर माशी जेमतेम ६ मिलिमीटरची, तांदळाच्या दाण्याएवढी. मासेमारीच्या दोऱ्यात मणी ओवून तो मोटरने ओढला, की ती त्यावरच झेपावायची. साधारण ३० सेंटिमीटरवर आली की ती डाव बदलते : वळण घेते, वेग उतरवते आणि सावजाच्या मागून येऊन त्याच्या चालीशी चाल जुळवते. सुटलेल्या पीएमपीच्या दारात चढणारा आधी बसबरोबर चार पावलं पळतो, तसं. असल्या संशोधनाच्या बातमीत ‘क्षेपणास्त्र’ हा शब्द हमखास येतो. मला तो पटत नाही. मिरीच्या दाण्याहून लहान डोक्यात मावेल इतका साधा नियम, हेच यातलं नवल आहे.

नावाच्या बाबतीत हिच्यावर जुना अन्याय आहे. ‘अ‍ॅसिलस’ हा रोमन लोकांचा शब्द गुरांना सतावणाऱ्या गोमाशीचा. वर्गीकरणतज्ज्ञ लिनियसने १७५८ मध्ये तो या माश्यांना चिकटवला आणि पुढे सगळं कूळच अ‍ॅसिलिडी झालं. वास्तविक हिचा गुरांना काडीचा त्रास नाही. उलट हिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मातीत भुंगेऱ्यांच्या अळ्या खातात. हुमणी म्हणजे तसलीच अळी, ऊस-भुईमूगवाल्यांना ती वेगळी सांगायला नको.

आता अ‍ॅपबद्दल. जगात या कुळाच्या सात हजारांहून अधिक जाती आहेत, आपल्याकडेही शेकड्यांनी. भारतातल्या या माश्यांवर ए. एन. टी. जोसेफ आणि पी. परुई या दोघांनी वर्षानुवर्षं काम केलं. १९९८ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने त्यांचा ग्रंथ काढला, तोही ‘भाग पहिला’, म्हणजे सगळं कूळ त्यात आलेलंच नाही. वाघ मोजणाऱ्यांची नावं पेपरात येतात. या दोघांची मी तरी कुठल्या पुरवणीत वाचली नाहीत. त्यांच्यासारखी माणसं टाचणीला टोचलेली माशी भिंगाखाली धरून जात ठरवतात : पंखांतल्या शिरा, पायांवरचे काटे आणि मुख्य म्हणजे नराच्या पोटाच्या टोकाचे अवयव. अ‍ॅप बघतं रंग आणि आकार, आणि त्याला जिथले फोटो जास्त मिळाले तिथलं नाव सांगून मोकळं होतं.

माझा अंदाज प्रोमॅकस या प्रजातीचा आहे. बहुतेक दरोडेखोर माश्यांच्या पंखात टोकाकडे शिरांची दोन घरं असतात. प्रोमॅकसच्या पंखात तीन. फोटो मोठा करून मी ती तीन मोजली, तिसऱ्याबद्दल थोडी शंका धरून. प्रजातीच्या पुढे, नेमक्या जातीपर्यंत, मी जाणार नाही. माशी मेलेली सापडली तर काडेपेटीत कापूस घालून ठेवा, सोबत चिठ्ठीवर जागा आणि तारीख लिहा. सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र तुमच्याजवळच, आकुर्डीत आहे. जिवंत दिसली तर फोटो वरून नको, बाजूने घ्या. या फोटोत पोटाचं टोक नेमकं चिमट्याच्या मागे गेलंय.