डाएट सुरू असताना रक्तदान: आधी काय खावं, नंतर किती चालावं

आज आम्ही बोलणार आहोत रक्तदानाबद्दल, पण जरा वेगळ्या बाजूने. हल्ली आपल्या भाट्यात सकाळ-संध्याकाळ सुरूबनाच्या कडेने चालायला जाणाऱ्या बायका वाढल्या आहेत. कुणी रात्रीचा भात सोडलाय, कुणी रात्रीचं जेवणच. वजन उतरवायचं मनावर घेतलं हे चांगलंच. त्यातच गावात किंवा पुलापलीकडे रत्नागिरीत रक्तदान शिबिर लागतं आणि प्रश्न येतो: डाएट चालू असताना रक्त द्यावं का? आणि एक कुजबुजही कानावर येते, "रक्त दिलं की वजनही उतरतं म्हणे!"

आधी ही कुजबुज निकालात काढू. एका वेळी साधारण 350 मिलिलिटर रक्त घेतात. काट्यावर ते साडेतीनशे ग्रॅमपेक्षा थोडं जास्त भरेल, पण त्यात बहुतेक पाणीच असतं. ते एक-दोन दिवसांत भरून येतं. चरबी काही त्याने जात नाही. जातं ते लोह, आणि आपल्या बायकांकडे नेमकं तेच कमी असतं.

किती जातं, याचा हिशोब करू. 350 मिलिलिटर रक्तातून सुमारे दीडशे मिलिग्रॅम लोह बाहेर जातं. बाईला रोजच्या आहारातून 29 मिलिग्रॅम लोह मिळावं असं आपल्या देशातले आहारतज्ज्ञ सांगतात, पण आपल्या जेवणातलं जेमतेम दोन-अडीच मिलिग्रॅमच अंगी लागतं. तेही रोजच्या झिजेत आणि पाळीत खर्च होतं. म्हणजे शिल्लक पडते ती थेंबाथेंबाने. म्हणूनच पुरुषांना तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं आणि बायकांना चार महिने थांबायला सांगतात. त्या चार महिन्यांत ताटच अर्धं केलं, तर खड्डा भरायचा कशाने?

हा खड्डा काही लहान नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्के रक्तक्षयी आढळल्या. निम्म्याहून जास्त! आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला तर रक्ताची गरजही बाईलाच लागते. म्हणून रक्त द्यायचंच, पण स्वतःला रिकामं करून नाही.

देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. वय 18 ते 65 हवं, वजन किमान 45 किलो हवं आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 हवं. बारा असलं तर डॉक्टर तुम्हाला रक्तक्षयी म्हणणार नाहीत, पण रक्तही घेणार नाहीत. परत पाठवलं तर लाजू नका. बोटाच्या एका टोचणीत फुकटात तुमची तपासणी झाली असं समजा, आणि आरोग्य केंद्रात जाऊन पुढचं विचारा. पाळी सुरू असताना, पोटुशी असताना किंवा अंगावर पाजत असताना रक्त देत नाहीत. बाळंतपणानंतर वर्षभर थांबायचं. वजन उतरवायचं कुठलं औषध घेत असाल तर तिथल्या डॉक्टरांना न लपवता सांगा.

आता खाण्याचं. शिबिराच्या दिवशी उपाशी जायचं नाही, हा पहिला नियम. एकादशी, चतुर्थी, गुरुवार असेल तर त्या दिवशी रक्त देऊ नका, दुसरा दिवस निवडा. डाएटचा "लिंबूपाणी आणि दोन काकड्या" हा दिवसही उपासच धरा. दोन-तीन तास आधी नीट न्याहारी करा. घावणे-चटणी, नाचणीची भाकरी आणि भाजी, नाहीतर आपली उकड्या तांदळाची पेज मीठ घालून. पेजेत पाणी, मीठ आणि पोटाला आधार, तिन्ही आलं. वडे, भजी मात्र टाळा. तेलकट खाल्लं की रक्तातला पातळ भाग दुधासारखा गढूळ होतो आणि तपासणीत अडचण येते. निघण्यापूर्वी दोन मोठे पेले पाणी प्या.

रक्त दिल्यावर लगेच उठू नका. दहा-पंधरा मिनिटं पडून राहा, तिथला खाऊ "डाएट आहे" म्हणून परत करू नका. घेरी येते ती बहुधा पहिल्यांदा देणाऱ्या, कमी वजनाच्या, उपाशी किंवा जागरण झालेल्या बाईला. डोळ्यांपुढे अंधारी आली तर असाल तिथे आडव्या व्हा आणि पाय उंच ठेवा. स्कूटर चालवत पूल ओलांडायची घाई नको. घरी आल्यावर दिवसभर पाणी, ताक, सरबत घ्या. भाट्यात नारळ संशोधन केंद्र आहे, शहाळ्याचं आम्ही वेगळं काय सांगावं!

पुढचे चार महिने डाएट करा, पण ताटातून काय काढायचं ते नीट ठरवा. साखर, तळण, बेकरीचं काढा. कुळथाचं पिठलं, मोड आलेली कडधान्यं, माठ, शेवग्याचा पाला आणि हळिवाचा लाडू ठेवा. लाडू एकच, पण ठेवा. मासे खाणाऱ्यांनी तिसऱ्या, तारली, बांगडा सोडू नये. मासळीतलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा जास्त अंगी लागतं. तळण्याऐवजी कालवण करा म्हणजे झालं. जेवताना लिंबू पिळा, नाहीतर आवळा, पेरू खा. त्याने लोह जास्त शोषलं जातं. चहा मात्र जेवणाला लागून नको, तासभर अंतर ठेवा.

14 जूनला, म्हणजे जागतिक रक्तदाता दिनाला रक्त दिलं, तर पुढच्या वेळेला निम्मा ऑक्टोबर उजाडतो. मधे श्रावण येतो, बहुतेक वर्षी नवरात्रही येतं. उपास करणार असाल तर नुसत्या साबुदाण्यावर राहू नका. त्यात पिठाशिवाय फारसं काही नाही. राजगिरा, शेंगदाणे, खजूर घ्या.

व्यायामाचं सोपं आहे. त्या दिवशी सुट्टी. सूर्यनमस्कार नको, खाली-वर वाकून घेरी येते. ज्या हातातून रक्त दिलं त्या हाताने हंडा, कपड्यांची बादली, लाकडाची मोळी उचलायची नाही. घरच्यांना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी ओल्या, घट्ट वाळूवरून सावकाश चाला, तेही उन्हं उतरल्यावर. कोरड्या वाळूत पाय रुततात, दुप्पट दम लागतो. पहिले दोन आठवडे धाप नेहमीपेक्षा लवकर लागू शकते, कारण तांबड्या पेशी पुऱ्या भरायला चार ते आठ आठवडे जातात. बरोबरीच्या पुढे गेल्या तर जाऊ द्या. वजन आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं.

आणि एक काम आजच करा. रत्नागिरीला बाजाराला जाल तेव्हा जिल्हा शासकीय रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. साडेबाराच्या वर असेल तर रक्त द्या. खाली असेल तर आधी स्वतःचं ताट भरा. पुढच्या शिबिराला तुमचा नंबर आहेच.