दाखल्याचे हेलपाटे : थोडे अनुभवाचे बोल

सभासद बंधू-भगिनींनो,

गळीत हंगामात आम्हा शेतकी खात्याच्या माणसांना आपण बांधावर गाठता ते तोडीची तारीख विचारायला. पण बोलणे उसापुरते राहत नाही. कुणाची मोजणी रखडलेली असते, कुणाच्या मुलीचा प्रवेश अडलेला असतो. गेल्या दोन-तीन वर्षांत एक विषय मात्र वारंवार कानावर येतो, तो म्हणजे अपंगत्वाचा दाखला आणि त्यावर मिळणारी शासकीय मदत. आता अपंगऐवजी दिव्यांग म्हणावयाचे असे ठरले आहे. शब्द बदलला, पण हेलपाटे संपलेले नाहीत. सबब या अंकात बेणे-खते थोडी बाजूला ठेवून या विषयावर चार गोष्टी लिहीत आहे.

आपल्या गटातील एका जुन्या सभासदाची हकीकत प्रथम सांगतो. त्यांचे नाव देत नाही, नुसते आबा म्हणू. आबांचा धाकटा मुलगा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला. बायको-मुलांसह खांदेश्वरला भाड्याच्या खोलीत राहतो. आपल्याकडची कितीतरी पोरे वाशीच्या नाहीतर कळंबोलीच्या बाजारात आहेत, त्यांतलाच हा एक. जुलै २०२३ मध्ये आडसाली लागणीच्या मदतीला तो गावी आला आणि वैरण कापताना कडबाकुट्टीत त्याचा उजवा हात गेला. मनगटापासून. सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. जखम भरल्यावर तो खांदेश्वरला परतला, कारण मुलांची शाळा तिकडे.

त्याच महिन्यात आबांची आडसाली लागण झाली. तो ऊस पुढे डिसेंबर २०२४ मध्ये तुटून गाळपाला आला. मुलाचा दाखला मात्र तोवर हातात नव्हता. तो जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. म्हणजे ऊस आधी आला आणि कागद मागून. मधल्या काळात आबा मला एकदा चिडून म्हणाले, "साहेब, हात गेलेला दिसतोय की ओ. आता तो काय परत उगवणार हाय? मग दाखला कशापायी मागत्यात?"

आबांचे म्हणणे खोटे नव्हते. पण मदत मंजूर करणाऱ्याने तो हात पाहिलेला नसतो. त्याच्यापुढे फक्त कागद असतो, आणि दोन कागद एकमेकांशी जुळले नाहीत की तो फाइल बाजूला ठेवतो. या प्रकरणात कागद कोठे कोठे अडला ते पाहा, म्हणजे आपल्यापैकी दुसऱ्या कोणावर ही वेळ येणार नाही.

जिल्हा कोणता?

१ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचा दाखला केंद्र शासनाच्या 'स्वावलंबन' या संकेतस्थळावर अर्ज करूनच मिळतो. त्याबरोबर यूडीआयडी कार्ड मिळते. या अर्जात जिल्हा निवडावा लागतो. मुलाने मोबाईलवरच अर्ज भरला आणि राहणे 'नवी मुंबई' म्हणून जिल्हा ठाणे टाकला. चूक येथेच झाली. नवी मुंबई दोन जिल्ह्यांत पसरलेली आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर ही ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, खांदेश्वर ही पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. महापालिकाही वेगळी. तिकडची नवी मुंबईची, इकडची १ ऑक्टोबर २०१६ रोजी झालेली पनवेलची. लोकलच्या पाटीवर आणि घरमालकाच्या करारात नवी मुंबई लिहिलेले असले तरी खांदेश्वरच्या माणसाचा जिल्हा रायगड आणि तहसील पनवेल. तपासणीला जाऊन रांगेत उभे राहिल्यावर हे कळले. रोजगार बुडाला तो वेगळाच.

आणि खरी हळहळ पुढेच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ खालील २०१७ च्या नियमांत अशी सोय होती की, अर्ज राहत्या पत्त्याच्या जिल्ह्यात करावा, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात त्या अपंगत्वावर उपचार झाले तेथे करावा. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, जेथे शस्त्रक्रिया झाली तेथे अर्ज करता आला असता. हे ना आबांना माहीत, ना मुलाला, ना मला.

नाव, चूल आणि सही

दुसरी अडचण नावाची. दवाखान्यात घाईत नेले तेव्हा चुलत्याने घरचे हाकेचे नाव सांगितले. डिस्चार्ज कार्डावर तेच आले. आधारवर शाळेचे नाव. ही दोन माणसे एकच, हे सिद्ध करण्यात तीन महिने गेले.

तिसरी अडचण शिधापत्रिकेची. मुलगा अनेक वर्षे खांदेश्वरला, पण नाव गावाकडच्या शिधापत्रिकेत आबांबरोबर. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. आता कुटुंब कोणते धरायचे? आबांच्या उसाचे बिल त्याचे उत्पन्न म्हणून पुढे आले. चूल वेगळी आणि कागद एकत्र, असे आपल्याकडे घरोघर आहे. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण अशा वेळी तेच आडवे येते.

चौथी अडचण ऐकून मी गप्प झालो. बँकेत खाते आधारशी जोडायला गेला तर सही जुळेना. सही करणारा उजवा हातच नाही, तर ती जुळणार कशी? शेवटी अर्ज देऊन डाव्या हाताच्या अंगठ्याची नोंद करून घेतली. ज्या घरात असा प्रसंग आला असेल त्यांनी बँकेतील सही बदलण्याचे काम आधी उरकावे.

मुदत चुकली ती माझ्याही डोळ्यांदेखत

येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पूर्वी ही मदत विमा कंपनीमार्फत असे. कंपन्या त्रुटी काढीत, दावे लांबवीत, नाकारीत. म्हणून एप्रिल २०२३ पासून शासनाने विमा बंद करून थेट अनुदान सुरू केले. अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख, दोन डोळे किंवा दोन हात-पाय गेल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेल्यास १ लाख रुपये. वय १० ते ७५. सात-बारावर नाव असलेला खातेदार तर यात येतोच, पण त्याच्या कुटुंबातील नाव नसलेला एक सदस्यही येतो. म्हणजे आबांचा मुलगा यात बसत होता.

अर्ज अपघातापासून ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावयाचा असतो. ही योजना मला ठाऊक होती. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा आबांना म्हणालो, "आधी पोरगं बरं होऊ द्या, कागदाचं मग बघू." मी चांगल्या मनाने म्हणालो, पण ते 'मग' पावसाळा संपल्यावर आले. पंचनामा नाही, अर्ज नाही. ते एक लाख रुपये गेले ते गेलेच. आबांनी मला कधी बोल लावला नाही. मला मात्र त्या बांधावरून जाताना ते आठवते.

सबब माझी कळकळीची विनंती अशी की, अपघात झाला की एकाने माणसाबरोबर दवाखान्यात जावे आणि दुसऱ्याने त्याच आठवड्यात पोलीस पाटील, तलाठी व कृषी सहाय्यक यांना गाठावे. दाखला यायला वेळ लागणारच. पण पंचनामा व अर्ज मुदतीत द्यावा आणि दाखला मिळताच जोडतो असे अर्जात लिहावे. एकही कागद नाही म्हणून घरी बसू नये.

मिळते काय?

दाखल्यावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर बहुतेक योजना लागू होतात. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. त्यामुळे पूर्वी "यात बसत नाही" म्हणून परत आलेल्यांनी पुन्हा चौकशी करावी. सिकलसेल, थॅलेसेमिया, कंपवात, ॲसिड हल्ल्याने आलेले व्यंग हे आता त्यात आहेत.

संजय गांधी निराधार योजना १९८० सालापासून आहे. वय ६५ च्या आतील दिव्यांगांना ती लागू आहे आणि त्यांच्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार रुपये आहे. आबांच्या मुलाच्या वेळी महिना १५०० रुपये मिळत. दिव्यांगांसाठी ते २५०० करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. अनुदान मंजुरीनंतर सुरू होते, त्यामुळे हेलपाट्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत. जुन्या दराने एका वर्षाचे धरले तरी १८ हजार रुपये होतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला ही रक्कम थोडी नाही. याशिवाय एस.टी.च्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे.

उसाची नोंद करता तशी कागदाची करा

आपण लागण केली की कारखान्यात नोंद करतो. तारीख, गट नंबर, जात, क्षेत्र. त्या तारखेवर तोडीचा नंबर लागतो. काट्यावर वजन झाले की पावती घेतल्याशिवाय आपला गाडीवान हलत नाही. कोणी म्हणाले, "पावती राहू द्या, आमच्या ध्यानात आहे," तर आपण ऐकू का? मग सरकारी अर्जाच्या बाबतीत तोंडी उत्तरावर आपण घरी कसे येतो?

तरी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) पहिला अर्ज भरण्याआधी घरात बसून पत्ता ठरवावा. खरोखर राहणे जेथे आहे तोच पत्ता आधार, शिधापत्रिका व बँक पासबुकावर करून घ्यावा. गाव एका कागदावर आणि खांदेश्वर दुसऱ्यावर, असे ठेवू नये.

२) दवाखान्यात नाव सांगताना आधारवरचे सांगावे. चुकले असेल तर डिस्चार्जच्या दिवशीच दुरुस्त करून घ्यावे.

३) प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. ऑनलाइन अर्जाचा क्रमांक वहीत लिहावा, नुसता मोबाईलमध्ये ठेवू नये. मोबाईल हरवतो.

४) "कागद कमी आहे" असे सांगितले तर कोणता, ते लिहून मागावे. नम्रपणे मागावे, पण मागावे.

५) मूळ कागद कोणाकडे देऊ नये. एजंटाला तर नाहीच.

दाखला देण्याची मुदत पूर्वी १ महिना होती, ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने ती ३ महिने झाली. अर्जदाराच्या बाजूने अर्ज दोन वर्षे पडून राहिला तर तो निष्क्रिय होतो, म्हणून पाठपुरावा सोडू नये. दाखला नाकारला किंवा टक्के कमी लावले असे वाटले तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येते. उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खालील सेवा आहेत. ठरल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर त्याच खात्यात पहिले व दुसरे अपील आणि त्यानंतर आयोगाकडे दाद मागता येते. कसूर झाली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. आपला अर्ज कोणत्या टेबलावर आहे, हे माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून विचारता येते. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. आबांच्या मुलाचा अर्ज हलला तो या १० रुपयांच्या अर्जानेच. भांडण करावे लागले नाही. कोठे अडले आहे ते लेखी कळले आणि कागद जोडता आला. याउपरही दाद न लागल्यास पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आहे.

सगळा दोष कचेऱ्यांचा आहे असे मी म्हणत नाही. टेबलावर एक माणूस आणि पुढे शंभर अर्ज, हे मीही पाहिले आहे. आमच्याही गट ऑफिसात हंगामात तीच गत होते. पण पलीकडच्या माणसाला वेळ नाही म्हणूनच आपला कागद पहिल्या खेपेस पुरा असला पाहिजे. जो एका हाताने फायली सांभाळत लोकलने येतो त्याला दुसरी खेप पडू नये, एवढेच म्हणणे.

असो. आपल्या गट ऑफिसात मी आता नोंदवहीशेजारी एक साधी वही ठेवली आहे. ज्यांच्या घरात असे प्रकरण असेल, मग माणूस गावी असो की खांदेश्वरला, त्यांनी अर्जाचा क्रमांक व तारीख त्या वहीत लिहून जावी. स्लिप बॉय आठवड्याला गावात येतोच, तो विचारील. आणि कोणाच्या शेतात अपघात झाल्याचे कळले, तर "मग बघू" असे आता मी म्हणणार नाही. आपणही म्हणू नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी