गोठ्यातील दिवा बसविताना : आधी तपासणी, मग हात

शेतकऱ्याच्या घरी आज विजेशिवाय पान हलत नाही. विहिरीवरील पंप, कडबाकुट्टी, गोठ्यातील व अंगणातील दिवे ही सारी कामे विजेवर चालतात. लहानसहान बिघाडासाठी दर वेळी वायरमन मिळतोच असे नाही. ऐन धार काढण्याच्या वेळी गोठ्यातला दिवा गेला, तर शेतकरी स्वतःच शिडी लावून होल्डर उघडतो. बटण बंद केले म्हणजे वीज बंद झाली, असा त्याचा समज असतो. हा समज नेहमी खरा नसतो आणि ओल्या गोठ्यात तो जिवावर बेततो. म्हणूनच वीज आहे की नाही हे ओळखण्याची साधने व त्यांच्या मर्यादा प्रत्येक शेतकरी बंधू-भगिनींनी समजावून घ्याव्यात.

किती प्रवाह धोक्याचा?

आपल्या घरी फेज व न्यूट्रल यांमध्ये सुमारे २३० व्होल्ट, तर पंपाच्या थ्री-फेज जोडणीत दोन फेजमध्ये सुमारे ४०० ते ४१५ व्होल्ट दाब असतो. शरीरातून १ मिलिअँपिअर प्रवाह गेला तर मुंग्या येतात. १० ते १५ मिलिअँपिअरला स्नायू आखडतात व धरलेली तार सोडवत नाही. ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही क्षण टिकला तरी श्वास व हृदय बंद पडण्याचा धोका असतो. ९ वॅटच्या साध्या एल.ई.डी. बल्बला याहून जास्त प्रवाह लागतो, यावरून धोक्याची कल्पना यावी.

जनावरांना हा धोका अधिक असतो. त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असते, जमीन शेण-मुताने ओली असते आणि प्रवाह थेट छातीतून जातो. गाय पाण्याच्या टाकीला तोंड लावताच मागे सरत असेल किंवा एखाद्या जागी पाय टेकवायला बिचकत असेल, तर तेथे वीज उतरते आहे का, हे आधी तपासून घ्यावे.

बटण बंद, तरी होल्डर चालू

बटण नेहमी फेजच्या तारेवर हवे. पुष्कळ ठिकाणी ते चुकून न्यूट्रलवर जोडलेले असते. अशा वेळी बटण बंद केल्यावर दिवा विझतो, परंतु होल्डरपर्यंत फेज येऊन थांबलेला असतो. हात लागताच तो शरीरातून जमिनीत उतरतो. बटण बंद असताना एल.ई.डी. बल्ब रात्री मंद लुकलुकत असेल, तर बटण न्यूट्रलवर असण्याची शक्यता असते. त्याची तपासणी करावी.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच पाडल्यावरही काही तारांत वीज राहते. पंपाच्या स्टार्टरला ऑटो-स्विच असेल तर गेलेली वीज परत येताच पंप आपोआप सुरू होतो. ‘आता लाइट नाही’ म्हणून कधीही तारेला हात घालू नये. मेन स्विच पाडून फ्यूज काढावेत व ते खिशात ठेवावेत.

तपासणीची साधने

१) निऑन टेस्टर : यात एक छोटा निऑन दिवा व त्याला जोडून मोठा रोध असतो. वरच्या धातूच्या टोपीला बोट लावले की आपल्या शरीरामार्फत अत्यल्प प्रवाह जमिनीकडे जातो व दिवा पेटतो. टेस्टर फक्त फेज दाखवतो. दाब २३० व्होल्ट आहे की १५०, हे तो सांगत नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असल्यास तो मंद पेटतो, तर भर उन्हात पेटलेला दिसतच नाही. तेव्हा टेस्टर पेटला नाही, एवढ्यावरून वीज नाही असे मानू नये. टेस्टर ओला किंवा तडकलेला असल्यास वापरू नये.

बल्ब लावलेला व बटण चालू असताना होल्डरच्या दोन्ही तारांवर टेस्टर पेटतो आणि दिवा मात्र लागत नाही, असे झाल्यास न्यूट्रल मागे कुठेतरी तुटलेला आहे असे समजावे.

२) टेस्ट लॅम्प : होल्डरमध्ये ४० किंवा ६० वॅटचा तारेचा जुन्या पद्धतीचा बल्ब व दोन जाड आवरणाच्या तारा, असे हे साधन असते. फेज व न्यूट्रलमध्ये धरल्यास तो प्रत्यक्ष प्रवाह घेऊन पेटतो, म्हणून त्याची साक्ष टेस्टरपेक्षा पक्की असते. दाब कमी असल्यास तो मंद जळतो. यासाठी एल.ई.डी. बल्ब वापरू नये. तो कमी दाबावरही लख्ख लागतो, शिवाय शेजारच्या तारेच्या परिणामानेही मिणमिणतो. एकच बल्ब दोन फेजमध्ये कधीही धरू नये, तो फुटतो. स्टार्टरवर तपासण्यासाठी सारख्याच वॅटचे दोन बल्ब एकापुढे एक जोडलेले असावेत.

३) मल्टीमीटर : दाबाचा नेमका आकडा यावर कळतो. काळी तार ‘कॉम’ लिहिलेल्या छिद्रात व लाल तार व्होल्टच्या छिद्रात घालावी. खटका ए.सी. व्होल्टच्या ६०० किंवा ७५० आकड्यावर ठेवावा. लाल तार अँपिअरच्या छिद्रात राहिली आणि दाब मोजला, तर शॉर्टसर्किट होऊन हात भाजतो. घेताना ‘कॅट-३, ६०० व्होल्ट’ अशी नोंद असलेला मीटर घ्यावा. घरात एका खोलीतील बल्ब फारच लख्ख व दुसरीतील मंद दिसत असेल, तर थ्री-फेज जोडणीचा न्यूट्रल सुटलेला असू शकतो. अशा वेळी लगेच मेन स्विच पाडावा.

४) स्पर्श न करता दाखवणारा पेन टेस्टर : हा सोयीचा आहे, पण सेल उतरले की गप्प राहतो. लोखंडी पाइपातील तारेची वीजही त्याला कळत नाही. केवळ त्याच्या भरवशावर काम करू नये.

‘चालू – बंद – चालू’ पद्धत

साधन कोणतेही असो, पुढील क्रम पाळावा.

१) वीज नक्की आहे अशा ठिकाणी साधन लावून ते काम देते याची खात्री करावी.
२) मेन स्विच पाडून ज्या ठिकाणी काम करायचे तेथील प्रत्येक तार तपासावी.
३) लगेच पहिल्यासारख्या चालू ठिकाणी साधन पुन्हा लावून पाहावे.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. दुसऱ्या पायरीच्या वेळीच टेस्टर बिघडला, तर तो ‘वीज नाही’ असेच सांगेल. ही चूक तिसऱ्या पायरीतच उघडी पडते. यासाठी दुसरी चालू जोडणी, उदा. शेजारचे घर किंवा इन्व्हर्टरवरील प्लग, वापरता येते.

दिवा बसविताना

• तांब्याची १.५ चौ. मि.मी. जाडीची तार पी.व्ही.सी. पाइपातून न्यावी. उघडी तार उंदीर कुरतडतात.
• दिवा जनावराच्या शिंगाच्या व वैरणीच्या टप्प्याबाहेर घ्यावा. त्यावर धूळ व ओल न शिरणारे झाकण असावे.
• जोड हवेत लोंबत ठेवू नये, तो बंद डबीतच असावा.
• पत्र्याच्या शेडमधील लोखंडी सांगाडा अर्थिंगला जोडून घ्यावा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे.
• कपडे वाळत घालण्याची तार विजेच्या तारेजवळ किंवा त्याच खांबाला बांधू नये.
• गोठ्याच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवून घ्यावी. एम.सी.बी. तारेला जळण्यापासून वाचवते, माणसाला शॉकपासून नाही. आर.सी.सी.बी.चे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते का ते पाहावे.

काय स्वतः करू नये?

बल्ब बदलणे किंवा मेन बंद करून फुटलेला होल्डर बदलणे, एवढ्यापर्यंतच घरचे काम ठेवावे. नवीन वायरिंग, मेन बोर्ड, अर्थिंग व स्टार्टर ही कामे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावीत. खांबावर चढणे, डी.पी.चे फ्यूज टाकणे किंवा आकडा टाकणे हे बेकायदेशीर आहे आणि जीवघेणेही आहे. खांबावरील तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

कोणाला शॉक लागल्यास प्रथम वीज बंद करावी. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडी काठीने तार दूर करावी, उघड्या हाताने ओढू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास बंद असल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब देत राहावे.

चांगला टेस्टर, एक टेस्ट लॅम्प व आर.सी.सी.बी. यांचा एकत्रित खर्च एका दुभत्या गाईच्या किमतीपुढे अगदी नगण्य आहे. पावसाळा सुरू होण्यापूर्वी एक दिवस काढून गोठा व विहिरीवरील जोडण्यांची तपासणी करून घ्यावी आणि तपासणीचा हा क्रम घरातील तरुण मुलांना व महिलांनाही शिकवावा.