पांढऱ्या रेघांचा इलाज
जूनमध्ये शाळा उघडल्या की पुण्यातल्या प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानात ठरलेल्या तक्रारी येऊ लागतात. ‘काळा येतो, पिवळा येतच नाही.’ ‘मधेच पांढऱ्या रेघा मारतोय.’ प्रिंटर पडलेला नसतो, त्यावर चहाही सांडलेला नसतो. परीक्षा संपल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नसतो, एवढंच. भर उन्हाळ्यात तो बंद पडून राहतो आणि शाई हेडमध्ये वाळते.

वाळायला जागा तरी किती! हेडवर शेकडो छिद्रं, प्रत्येक छिद्र माणसाच्या केसाहून बारीक. त्यातून थेंब उडवायच्या दोन तऱ्हा. कॅनन आणि एचपीच्या प्रिंटरमध्ये छिद्रामागचा इवलासा हीटर शाई क्षणात तापवतो, वाफेचा बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. कॅननच्या इचिरो एंडो यांना १९७७ साली ही कल्पना सुचली, तीही गरम सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला चुकून टेकल्यामुळे. एप्सनमध्ये हीटर नाही. तिथे वीज मिळताच आकार बदलणारा पिझो घटक शाई रेटतो.

दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर हा फरक थेट खिशाशी भिडतो. एचपीच्या बऱ्याच घरगुती मॉडेलांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं; नवी कार्ट्रिज घेतली की हेडही नवं. एप्सनचं हेड प्रिंटरमध्येच बसवलेलं आणि महाग, म्हणून ते जपावं लागतं.

टेबलावर आत्ता टाकीवाला एप्सन उघडा पडला आहे. कारागिरानं हेड डावीकडे सरकवलं, तशी उजव्या कोपऱ्यातली कॅप दिसली: रबरी कडांची छोटी तबकडी, आत स्पंज, कडेला वाळलेल्या शाईची खपली. काम नसताना हेडनं हिच्यावर टेकून बसायचं, म्हणजे छिद्रांना हवा लागत नाही. कापसाच्या काडीनं खपली निघाली. मग सिरिंजमधून डिस्टिल्ड वॉटरचे काही थेंब स्पंजवर सोडून त्यानं हेड पुन्हा कॅपवर आणलं. आता रात्रभर भिजू द्यायचं. नळाचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार छिद्रातच बसतात.

सकाळी नोझल चेक. कागदावर बारीक रेघांची जाळी उमटते. जिथे रेघ तुटली, तिथलं छिद्र बंद. पिवळ्याच्या दोनतीन रेघा अजून गायब होत्या. कारागिरानं एकदा हेड क्लीनिंग दिलं आणि प्रिंटर तसाच ठेवून दिला. घरी नेमकं उलटं होतं: रेघ दिसली की क्लीनिंग, नाही गेली की पुन्हा क्लीनिंग. प्रत्येक वेळी पंप कॅपमधून शाई ओढतो आणि ती प्रिंटरच्या पोटातल्या पॅडमध्ये जाते. टाकी रिकामी, पॅड ओला, पिवळा तसाच.

हा पॅड भरला की नाही, ते प्रिंटरला दिसत नाही. तो फक्त गेलेल्या शाईचा हिशेब ठेवतो. आकडा ठरलेल्या मर्यादेला पोचला की दिवे लुकलुकतात आणि छपाई ठप्प. बाजारात याला ‘पॅड फुल’ म्हणतात. सॉफ्टवेअरनं ‘रिसेट मारला’ की आकडा शून्यावर येतो, पॅड मात्र तितकाच भिजलेला राहतो. रिसेट स्वस्त, पॅड बदलायला प्रिंटर खोलावा लागतो, त्यामुळे गिऱ्हाईक पहिलाच पर्याय निवडतं. पुढे कधीतरी टेबलावर काळं-निळं तळं साचतं. काही नव्या मॉडेलांत पॅड असलेला मेंटेनन्स बॉक्स घरीच बदलता येतो. खरं तर ही सोय आधीच यायला हवी होती.

शाई आणखी एका जागी घोळ घालते. हेडच्या मागे एक पारदर्शक पट्टी ताणलेली असते. तिच्यावरच्या बारीक रेघा वाचून हेडला आपण कुठे आहोत ते कळतं. रिफिल करताना शाईचं बोट लागलं, की हेड आंधळ्यासारखं कडेला आपटतं. पुष्कळांना वाटतं मोटर गेली. ओलसर मऊ फडक्यानं हलकेच पुसलं तर बरेचदा काम भागतं; जोरात घासलं तर रेघाही जायच्या.

कारागिराचा खरा राग भिंतीवरच्या बटणावर आहे. वीज वाचवायला लोक छपाई संपली की थेट प्लग बंद करतात. हेड वाटेत असेल तर तिथेच उघडं थांबतं. आधी प्रिंटरचं बटण दाबायचं, हेड कॅपवर बसल्याची खटखट थांबू द्यायची, मग प्लग. प्रिंटर परत देताना तो हे प्रत्येकाला करून दाखवतो.

जुलैत पाऊस लागला की तक्रारी बदलतात. रीम उघडं राहून कागद सर्द होतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. तेव्हा दुरुस्तीला आलेल्या प्रिंटरसोबत कागदही मागवला जातो.