आरोग्याचे खाते

बँकेच्या सेवेत असताना नवीन खाती उघडण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे होते. त्या काळी अर्जावर जुन्या खातेदाराची ओळखीदाखल सही लागत असे. शाहूपुरीतील एखाद्या गुळाच्या अडत्याने आपल्या नव्या दिवाणजीला सोबत आणावे, ‘आमचाच माणूस आहे, साहेब’ असे म्हणून सही करावी, एवढ्यावर काम होई. पुढे २००२ नंतर रिझर्व्ह बँकेचे ‘आपला ग्राहक ओळखा’ हे धोरण आले आणि ओळखीच्या सहीची जागा कागदपत्रांनी घेतली. व्यापारी मंडळी कुरकुरत. मी त्यांना सांगत असे, ‘शेठजी, आज दिलेली माहिती अडचणीच्या दिवशी तुमच्याच उपयोगी पडते.’ इतरांना हा उपदेश करणाऱ्या माझ्या घरात आरोग्याच्या खात्याचे पान मात्र कोरे होते. हे ध्यानात यायला निवृत्ती आणि एक पर्युषण पर्व यावे लागले.

आमच्या कुटुंबाचे जुने डॉक्टर तीन पिढ्यांना ओळखत. त्यांच्या दवाखान्यात केस पेपर हा प्रकारच नव्हता. कोणाला कोणते औषध सोसत नाही, कोणाच्या आईला मधुमेह होता, कोणाचे कोणते ऑपरेशन कधी झाले, हे सारे त्यांच्या स्मरणात असे. वयोमानाने त्यांनी दवाखाना बंद केला, तेव्हा आम्ही सर्व जण जाऊन शाल-श्रीफळ देऊन आलो. मन भरून आले होते. परंतु प्रत्येकाच्या प्रकृतीविषयी चार ओळी लिहून द्याव्यात, अशी विनंती त्यांना करावी, हे कोणालाच सुचले नाही.

त्याच वर्षी पर्युषणात थोरल्या बंधूंनी, म्हणजे आमच्या दादांनी, एकासणी करण्याचा नियम घेतला. मधुमेहाची सकाळची गोळी त्यांनी नेहमीप्रमाणे घेतली. जेवण मात्र दुपारी एकदाच. अकराच्या सुमारास पेढीवर त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. नोकराने साखर पुढे केली, तर ‘माझे एकासणे मोडेल’ म्हणून त्यांनी ती सारली. पुतण्याने त्यांना जवळच्या एका दवाखान्यात नेले. तेथे आम्ही पूर्वी कधी गेलो नव्हतो. डॉक्टरांनी तत्काळ शिरेतून ग्लुकोज दिले आणि थोड्या वेळाने दादा भानावर आले.

त्यानंतर प्रश्न सुरू झाले. गोळी कोणती? किती मिलिग्रॅमची? रक्तदाब आहे का? कोणत्या औषधाची ॲलर्जी? पुतण्या म्हणाला, ‘सकाळी एक पांढरी लहान गोळी असते आणि रात्री जेवणानंतर एक गुलाबी.’ गल्ल्यातून गोळ्यांची पट्टी मागवली, तर औषधाचे नाव असलेला भाग कात्रीने कापून आधीच वापरला गेला होता. वीस वर्षांपूर्वी सल्फाच्या गोळ्यांनी दादांच्या अंगावर चट्टे उठले होते, हे वहिनींना आठवले तेव्हा रात्र झाली होती. डॉक्टर शांतपणे म्हणाले, ‘आजारावर औषध माझ्याकडे आहे, पण तुमची माहिती माझ्याकडे नाही.’

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. पुढच्याच आठवड्यात घरातील सर्व जण, प्रकृती ठणठणीत असताना, त्या डॉक्टरांकडे केस पेपर काढण्यासाठी गेलो. कंपाउंडरने आश्चर्याने विचारले, ‘पेशंट कोण?’ दवाखाना म्हणजे आजारी पडल्यावर जाण्याची जागा, अशी आपली दृढ समजूत आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे व्यापारात आपण पाळतो. प्रकृतीच्या बाबतीत मात्र विसरतो.

माझी पुतणी लग्नानंतर इंग्लंडमध्ये लेस्टरला गेली. तिने पहिल्याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवले, तेव्हा तिला साधे पडसेही झालेले नव्हते. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेची ही पद्धतच आहे. नोंदणीला पैसे पडत नाहीत. प्रत्येकाला दहा अंकी क्रमांक असतो आणि घर बदलून नव्या डॉक्टरांकडे नाव घातले की जुन्या नोंदी तिकडे पाठवल्या जातात. आपल्याकडे कोणीही कोणत्याही डॉक्टरांकडे जाऊ शकतो. हे स्वातंत्र्य मोठे आहे, परंतु त्यामुळे प्रत्येक दारी कोऱ्या पानापासून प्रारंभ होतो. आपल्या मागोमाग आपली वही कोणी पाठवत नाही. ती आपणच बाळगावी लागते. थोरल्या दवाखान्यात, म्हणजे आपल्या छत्रपती प्रमिला राजे रुग्णालयात, खिडकीवर रांग लावून काढलेला केस पेपर घरी आल्यावर कोठे जातो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की घरातील प्रत्येकासाठी एक पान लिहावे. वय, रक्तगट, आजार व ते सुरू झाल्याचे वर्ष, झालेली ऑपरेशने, न सोसणारी औषधे, आई-वडिलांचे आजार आणि सध्याची औषधे. औषधाचे नाव पट्टीवरून अक्षर न् अक्षर उतरवावे, सोबत मात्रा व वेळ लिहावी. पट्टी कापायची झाल्यास नावाची बाजू शेवटपर्यंत राखावी. वैद्यांची, होमिओपॅथीची अथवा कोणी सुचवलेली चूर्णेही या पानावर यावीत. ‘ते काही औषध नव्हे’ असे म्हणून ती वगळू नयेत.

दुसरी सूचना डॉक्टरांविषयी. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात व चिठ्ठीवर दाखवावयाचा असतो. तो पाहणे म्हणजे अविश्वास नव्हे. आपण धनादेशावरील सही पाहतोच की! रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी किमान तीन वर्षे जपाव्यात आणि मागणी केल्यास ७२ तासांत द्याव्यात, असेही त्या नियमांत आहे. तेव्हा घरी सोडताना मिळणारा कागद मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्याखाली ‘आभा’ हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक विनामूल्य मिळतो. तो ऐच्छिक आहे. ज्या रुग्णालयांत सोय आहे, तेथे मोबाईलवरून क्यूआर कोड टिपून नोंदणी होते, आणि आपल्या संमतीने नोंदी एका डॉक्टरांकडून दुसऱ्यांना पाहता येतात. परंतु आजवरची जी माहिती कोठे लिहिलीच गेली नाही, ती या क्रमांकामुळे आपोआप उमटणार नाही. खाते क्रमांक मिळाला म्हणून खात्यात रक्कम येत नाही, तसेच हे.

आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अर्जातील कोणत्याच रकान्यात नसते. आपले रात्रीचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते, हिवाळ्यात तर सहाच्या आत. चौविहार करणारे त्यानंतर पाणीही घेत नाहीत. ‘रात्री जेवणानंतर’ असे चिठ्ठीवर लिहिणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक असेलच असे नाही. उपवास, आयंबिल, एकासणे यांत गोळीचे काय करायचे, हे पर्वाआधी विचारायला हवे. मधुमेहाच्या काही गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणतातच. बहुतेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. ते समजल्यावर काही जण आवरण फोडून आतील भुकटी घेतात. काही औषधांना ते आवरण पोटातील आम्लापासून वाचवण्यासाठी अथवा हळूहळू सुटण्यासाठी दिलेले असते, त्यामुळे असे करणे धोक्याचे ठरू शकते. ‘मला हे चालत नाही, गोळी किंवा पातळ औषध मिळेल का?’ एवढे विचारले, तर पुष्कळदा पर्याय निघतो. आपला नियम डॉक्टरांपासून लपवल्याने व्रताचे रक्षण होत नाही. देहाला मात्र अपाय होतो.

एक नाजूक विषय. बाजारात पत जाईल, मुलीच्या लग्नात अडचण येईल, म्हणून आपल्या घरांत आजार झाकण्याची सवय आहे. रक्तदाब ‘थोडासा’ असतो, फीट ‘लहानपणी एकदाच’ आलेली असते, तंबाखू ‘कधीतरी’ खाल्ली जाते. बँकेत मी पाहिले आहे, की पेढी बुडते ती बहुधा ताळेबंदात न दाखवलेल्या देण्याने. डॉक्टर आपले गुपित राखण्यास व्यावसायिक नियमांनी बांधलेले असतात. तेव्हा निदान त्या एका खोलीत तरी खरा ताळेबंद मांडावा. तसेच सुनेला दाखवण्यास नेल्यावर सासू-सासऱ्यांनीच सारी उत्तरे देऊ नयेत. तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्यावे. आमच्याकडे त्या दिवशी सूनबाई आत एकटीच गेली, आणि गेले वर्षभर ती सोशीत असलेला त्रास प्रथमच कागदावर आला. तो आम्हा कोणालाच माहीत नव्हता, हे लिहिताना संकोच वाटतो; तरीही लिहितो.

एवढे झाल्यावरही दादांच्या पानावर बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. म्हणून एका रविवारी वही घेऊन मी आमच्या जुन्या डॉक्टरांच्या घरी गेलो. दृष्टी मंद झाली आहे, परंतु स्मरण तल्लख आहे. ते एकेकाचे नाव घेऊन सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. वहिनींची कावीळ, माझ्या धाकट्या भावाचा दमा, दादांची सल्फाची गोळी. जवळजवळ तासभर हे चालले. अखेरीस त्यांनी वही मागून घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि प्रत्येक पानाखाली सही केली. नव्या डॉक्टरांसमोर ती वही ठेवताना मला माझे जुने टेबल आठवले. जुन्या खातेदाराने ओळख दिली होती. आता खाते उघडायला हरकत नव्हती.

पुढील पर्युषणाच्या पंधरा दिवस आधी दादा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी गोळी बदलून तिची वेळ दुपारच्या जेवणाशी जुळवून दिली, साखर तपासण्याचे दिवस ठरवले आणि घाम व कापरे जाणवल्यास एकासणे तेथेच थांबवण्याचे वचन घेतले. ते वचन मोडण्याची वेळ आली नाही. दादांची सर्व एकासणी निर्विघ्न पार पडली.

वाचकहो, आपल्याही कुटुंबाची माहिती एखाद्या वयोवृद्ध डॉक्टरांच्या केवळ स्मरणात असेल. येत्या रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे जावे.