परडीत बसलेली अकरा अक्षरं

तुळजापूरच्या महाद्वारापाशी कवड्यांची माळ घातलेल्या आराधी बाईनं संबळावर एकनाथांचा जोगवा धरला, की एक गंमत करून पाहा. बोटांवर अक्षरं मोजा.

परडीचं कडवं घ्या. पहिल्या चरणात 11 अक्षरं. दुसऱ्यात 11. तिसऱ्यात, चौथ्यातही जवळपास तेवढीच! जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. शार्दूलविक्रीडित वृत्तात 19 जागांपैकी लघू कुठं, गुरू कुठं हे आधीच ठरलेलं. इथं तसला पहारा नाही. मग तोल कोण सांभाळतं? ठेका! आरंभीच्या कडव्यात काही चरण 13 अक्षरांपर्यंत जातात, तरी चाल अडखळत नाही. भरलेल्या एसटीत आणखी दोघं मावतात, तशी ती दोन अक्षरं गळ्यात मावतात.

आता यमक बघा. परडी, दरडी, कुरवंडी, दुरडी. दोन टोपल्या, एक कोसळता कडा आणि एक ओवाळणी! एरवी हे शब्द शेजारी बसले असते का? यमकानं त्यांना गोळा केलं आणि रूपकानं लगेच कामाला जुंपलं. परडी पूर्ण बोधाची, दरडी आशा-तृष्णेच्या, कुरवंडी मनोविकारांची. 'सारखं', 'जणू' काही नाही. वस्तू हीच कल्पना. महिषासुर म्हणजे मोह, हे तर सुरुवातीलाच सांगून झालेलं.

खरी कमाल पुढं आहे. दंभ हा सासरा, विकल्प हा नवरा, आणि जोगव्यात बोलणारी बाई दोघांनाही सोडून निघते! सोळाव्या शतकात हे लिहिणारा पैठणचा एक संसारी गृहस्थ आहे, हे विसरू नका. मला तर अख्ख्या जोगव्यातली ही सर्वांत धीट जागा वाटते.

आणि शेवटी सही. 'एका जनार्दनी' ही नाथांची नेहमीची मुद्रा: आपलं नाव आणि देवगिरीच्या जनार्दनस्वामींचं, म्हणजे गुरूंचं नाव. जोगव्यात महाद्वारी नवस फेडून झाला, की या 'एका'चं 'एकपण' होतं. कवीचं नाव आणि अद्वैत एकाच शब्दात! श्लेष म्हणतात तो हा.

जोगव्याला पाठभेद आहेत, तुमच्या घरच्या पाठात एखादं अक्षर इकडंतिकडं निघेल. या नवरात्रात आजीला म्हणायला लावा आणि मोजा.